मीटर लाल होत नाही, तरी रेकॉर्डचा आवाज का फाटतो?

तुझा प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे मला कळला तोच आहे ना ते बघ. रामबागेतल्या आजोबांच्या कपाटातून एलपी काढल्यास, मागे फोनो-लाइनचं बटण (फोनो म्हणजे सुईचा कच्चा बारीक सिग्नल, लाइन म्हणजे वाढवलेला) असलेला नवा बेल्टवाला प्लेअर घेतलास, तो एका छोट्या डीजे मिक्सरच्या फोनो इनपुटात, मिक्सर इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपात नेणारा डबा), इंटरफेस लॅपटॉपला. आता सॅम्पल, म्हणजे बीटमध्ये वापरायला रेकॉर्डमधला तुकडा, घ्यायला गेलं की जोरात तान आली किंवा तबल्यावर थाप पडली की आवाज फाटतो. इंटरफेसचा गेन, म्हणजे येणारा आवाज वाढवायचं बटण, पार खाली आणला तरी फाटतोच, फक्त हळू आवाजात फाटतो. मीटर एकदाही लाल झालं नाही. उजव्या बाजूला जास्त वाटतं आणि साइड संपत आली की आणखी वाढतं. आणि शेवटी विचारलंयस की काका, रेकॉर्डच गेल्यात का, देऊन टाकू का.

देऊन बिऊन टाकू नकोस. तू एकाच दमात दोन वेगळे आजार सांगितलेस म्हणून गोंधळ होतोय. सगळीकडे, दोन्ही बाजूंना, जोराच्या जागी फाटणं हा विजेचा म्हणजे लेव्हलचा प्रकार आहे, आणि उजवीकडे जास्त, शेवटाकडे जास्त हा सुईचा प्रकार आहे. दोन्ही एकदम आहेत बहुतेक. आणि पहिल्याचं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे, गेन खाली केला तरी फाटतो फक्त हळू फाटतो. म्हणजे इंटरफेसपर्यंत आवाज पोचला तेव्हाच तो फाटलेला होता, तू पुढे जाऊन फक्त फाटका आवाज लहान केलास. मीटर बिचारं आपल्या दारात आलेला माल मोजतं, मागे काय झालं ते त्याला कुठून कळणार. आपल्याकडे लोक सगळ्यात आधी शेवटचं बटण फिरवतात कारण ते हाताशी असतं, पण शोध सुईकडून सुरू करायचा असतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी एक काम कर, काहीही न हलवता. आत्ता जे रेकॉर्ड केलंयस ते ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि जिथे फाटतं तिथे इतकं झूम कर की एकेक लाट दिसायला लागेल. लाटेचे माथे गोल असायला हवेत. ते कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले तर क्लिपिंग आहे, आणि आता बघ ते कुठल्या उंचीवर कापलेत. अगदी वरच्या रेषेला, म्हणजे ० डीबीला टेकून सपाट असतील तर इंटरफेसचा गेन जास्त होता, विषय संपला. पण रेषेच्या बरंच खाली, समज उणे ९ किंवा उणे १२ डीबीला सगळे माथे एकाच उंचीवर सपाट असतील, कधी कधी जरा तिरपे कापलेले असतात, तर ते आधीच्या कुठल्यातरी डब्यात कापले गेलेत. माथे सपाट नाहीत, नुसते खडबडीत, दातेरी, आणि तेही एकाच चॅनलवर, असं दिसलं तर सुई खाचेला नीट धरत नाहीये. आणि माथे छान गोल आहेत, आवाज तरीही घाण आहे, तर एकतर खाच झिजलेली आहे किंवा गडबड नंतर सॅम्पलरमध्ये, म्हणजे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रात, होतेय. पाच मिनिटांचं काम आहे, पण यात अर्धी दिशा कळते.

आता तुझी खरी भानगड. काडतुसातून, म्हणजे कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल फार बारीक असतो, मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या जातीचा ३ ते ५ मिलिव्होल्टच्या घरात. वर रेकॉर्ड कापतानाच बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, नाहीतर बासच्या रुंद खाचांनी सगळी जागा खाल्ली असती आणि वरची खरखर ऐकू आली असती. १९५४ पासून याचा जो एक ठरलेला हिशोब आहे त्याला आरआयएए म्हणतात. फोनो प्रीअँप दोन कामं करतो, सिग्नल साधारण ४० डीबी म्हणजे शंभर पट वाढवतो आणि तो हिशोब उलटा फिरवतो, २० हर्ट्झला जवळजवळ २० डीबी वाढव, २० हजारला तेवढंच कमी कर. ५ मिलिव्होल्टचे अर्धा व्होल्ट झाले, लाइन लेव्हल झाली, इथवर ठीक.

पण तुझ्या प्लेअरच्या पोटात एक प्रीअँप आहे आणि मागचं बटण लाइनवर आहे, म्हणजे तो चालू आहे. तिथून तू मिक्सरच्या फोनो जॅकमध्ये गेलास, तिथे दुसरा प्रीअँप बसलाय. अर्ध्या व्होल्टला परत शंभराने गुण, ५० व्होल्ट. मिक्सरच्या आतल्या आयसीला वर-खाली १२ किंवा १५ व्होल्टचा सप्लाय असतो, ती ५० कुठून देणार, ती माथे कापते आणि पुढे ढकलते. शिवाय बास दोनदा वाढलं आणि ट्रेबल दोनदा कमी झालं, म्हणून आवाज नुसता फाटत नाही तर गोधडीखालून आल्यासारखा घुमतो. तू 'तानपुरा ढोलासारखा वाटतो' असं लिहिलंयस ना, ते हेच. तो एक शब्द वाचूनच मला नव्वद टक्के खात्री झाली.

उपाय फुकट आहे. प्लेअरचं बटण लाइनवर असेल तर मिक्सरच्या लाइन जॅकमध्ये लाव, किंवा बटण फोनोवर कर आणि मिक्सरच्या फोनोमध्येच राहू दे. मला विचारशील तर सॅम्पलिंगपुरता मिक्सर मधून काढूनच टाक, प्लेअर लाइनवर ठेवून सरळ इंटरफेसच्या लाइन इनपुटात जा. मध्ये जितके डबे कमी तितक्या फाटायच्या जागा कमी, आणि स्क्रॅच करायचं नाहीये तर मिक्सरचं तिथे काम काय. उलटी चूक पण लोक करतात, प्लेअर फोनोवर आणि पुढे लाइन इनपुट, मग आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ आणि अगदी हळू येतो, माणूस वैतागून गेन पूर्ण फिरवतो आणि हिस्स सकट सगळं वर येतं. ते फाटण्यापेक्षा बरं, कारण निदान काही कायमचं कापलं जात नाही.

एवढं करून दोन्ही बाजूंचं फाटणं गेलं तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून थेट सुईवर ये. नाही गेलं तर बघ की काडतूसच जास्त जोराचं आहे का. डीजेंसाठी बनवलेली काडतुसं मुद्दाम जोरात असतात, शुअरचं एम ४४-७ होतं त्याचा आउटपुट ९.५ मिलिव्होल्ट, शुअरने २०१८ मध्ये काडतुसं बनवणं बंद केलं तरी ते अजून हातोहात फिरतं. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ ई बघ, ते ४ मिलिव्होल्टचं आहे. आणि हे आकडे एका ठरलेल्या मोजमापाच्या आवाजाला असतात, प्रत्यक्षात जोरात कापलेल्या बारा इंची सिंगलवर माथे सहज त्याच्या चौपट जातात. म्हणजे ९.५ चं ४० डीबी वाढून जवळजवळ एक व्होल्ट, चौपट म्हणजे चारच्या आसपास. प्लेअरच्या पोटातला प्रीअँप यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारा असला तर त्याला वरपासून खालपर्यंत मिळून ५ व्होल्टच जागा आहे, तो बसणारच खाली. अशा वेळी पोटातला प्रीअँप बंद करून चांगल्या सप्लायवर चालणारा वेगळा प्रीअँप लावायचा किंवा काडतूस हळू आवाजाचं घ्यायचं. आणखी एक, ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावून सॅम्पल घ्यायचं आणि मग सॅम्पलरमध्ये खाली उतरवायचं ही जुनी युक्ती आहे, १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये सगळी मिळून दहा सेकंदांचीच जागा असायची म्हणून पोरं तसं करायची. पण वेग १.३५ पट झाला की सुईतून येणारा सिग्नल पण तेवढाच वाढतो, २.६ डीबी. आधीच काठावर असशील तर तेवढ्यानेही फाटतं.

आता जुने देशी प्लेअर. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत माळ्यावर हमखास एखादा एचएमव्ही फिएस्टा नाहीतर फिलिप्स पडलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं यातूनच सॅम्पल घेऊ, ओरिजिनल आवाज येईल. त्यांत बहुतेक सिरॅमिक नाहीतर क्रिस्टल काडतूस असतं, ते मिलिव्होल्टमध्ये नाही, शेकडो मिलिव्होल्टमध्ये बोलतं, आणि त्याला आरआयएएचा हिशोब वेगळा लावावा लागत नाही. ते फोनो इनपुटात घातलंस तर पहिल्या थापेलाच सगळं चिखल. लाइनमध्ये घातलंस तर फाटत नाही पण बास गायब होतो, कारण त्याला १ मेगओहमच्या आसपासचा भार हवा असतो आणि लाइन इनपुट १० ते ४७ किलोओहमचं असतं. इंटरफेसवर गिटारसाठी जे इन्स्ट्रुमेंटचं बटण असतं ना, त्याचा इम्पिडन्स, म्हणजे हाच भार, बरोबर त्या मापाचा असतो, ते दाबून गेन तळाशी ठेव, मस्त भरलेला आवाज येतो. फक्त या प्लेअरवर चांगल्या रेकॉर्ड्स लावू नकोस, त्याचं काडतूस जड असतं आणि सुई कधी बदलली होती ते घरात कुणालाच आठवत नसतं. आणि इथे जे बटण दाबायला सांगितलं तेच तुझ्या नव्या प्लेअरसाठी बंद हवं, लाइनच्या सिग्नलला इन्स्ट्रुमेंटवर घातलं की तो लवकर फाटतो. माइकच्या तीन पिनवाल्या जॅकात तर अजिबात नको.

केबलचा एक घोळ सांगतो कारण तो ओळखता येत नाही. प्लेअरच्या दोन आरसीए एकत्र करून एकच तीन पट्ट्यांची पिन बनवणारी केबल मिळते, जेल रोडवर पन्नास-शंभरात मिळेल, ती इंटरफेसच्या एकाच बॅलन्स्ड जॅकात घातली की इंटरफेस डाव्यातून उजवं वजा करतो. मोनो रेकॉर्डवर दोन्हीकडे गाणं सारखंच असतं, त्यामुळे गाणं जवळजवळ पुसलं जातं आणि मागे राहते ती धूळ, खरखर आणि सुईचा चुरचुराट. माणूस म्हणतो रेकॉर्ड खलास. डावं एका जॅकात, उजवं दुसऱ्या जॅकात, दोन साध्या मोनो पिना, एवढंच पाहिजे.

यूएसबीवाला प्लेअर सरळ लॅपटॉपला जोडलास तर विंडोज त्याला माइक समजतं, कधी एकाच चॅनलचा. साउंडच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगवाल्या टॅबात जाऊन दोन चॅनल कर, एन्हान्समेंट सगळ्या बंद कर आणि लेव्हल खाली ओढून बघ. लॅपटॉपच्या गुलाबी माइक भोकात रेकॉर्ड घेणं हे तर करूच नकोस.

आता सुई. तुझं उजवीकडचं फाटणं. स्टीरिओ खाचेच्या दोन भिंती असतात, आतली म्हणजे मधल्या लेबलकडची भिंत डावा चॅनल, बाहेरची उजवा. रेकॉर्ड फिरताना घर्षणाने हाताला आत ओढायचा जोर लागतो, सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवर तिची पकड सैल होते, जोराची जागा आली की तिथे सुई टणाटण उडते, ते उजव्या कानात फाटल्यासारखं वाजतं. अँटी-स्केटिंगची चकती याच्यासाठी असते. ती शून्यावर असेल तर उजवं आधी फाटणार, फार जास्त असेल तर डावं. बहुतेक प्लेअरवर ती वजनाच्या आकड्याइतकीच ठेवून सुरुवात करायची आणि मग कानाने थोडी इकडे-तिकडे.

त्याआधी वजन. हाताच्या मागे फिरणारं वजन असेल तर ते कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आहे का बघ, व्हीएम ९५ ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. हात आधी हवेत तोलायचा, वर ना खाली, मग चकतीवरचा शून्य जुळवायचा, मग वजन फिरवायचं. तोलायच्या आधीच आकडा फिरवला तर तो आकडा खोटा असतो. सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घे, चकतीवर विसंबू नकोस. आणि हे नीट ऐक, आपल्या लोकांना वाटतं वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, म्हणून सगळे एक ग्रॅमवर आणून ठेवतात. उलट आहे. हलकी सुई खाच सोडून उडते आणि परत पडताना हिऱ्याच्या टोकाने भिंत फोडते, ते कायमचं. दिलेल्या पट्ट्यात वरच्या बाजूला राहा, १.८ ते २.२ म्हटलं असेल तर २.१ ठेव. पूर्ण ऑटोमॅटिक स्वस्त प्लेअरला वजन, अँटी-स्केटिंग काहीच फिरवता येत नाही, तिथे सुई स्वच्छ ठेवणं नाहीतर बदलणं इतकंच हातात आहे.

स्वच्छ म्हणजे काय ते दाखवतो. मोबाइलचा टॉर्च लाव, भिंग घे, सुईकडे समोरून बघ. टोकावर राखाडी कापसाचा गोळा दिसला की समज साइड सुरू करताना आवाज ठीक आणि दहा मिनिटांनी घाण होतो तो याच्यामुळे. बारीक ब्रशने मागून पुढे, म्हणजे हाताच्या बुडाकडून तुझ्याकडे एकाच दिशेने झटकायचं, आडवं किंवा उलटं नाही, नाहीतर कँटिलिव्हर, ती सुई धरणारी बारीक दांडी, वाकली की गेलीच. बोट लावून फुफू करणं बंद. दांडी समोरून बघताना सरळ खाली उतरायला हवी, एका बाजूला कललेली असेल तर एका चॅनलचं फाटणं कितीही सेटिंग केलं तरी जाणार नाही. आणि वय, गोल टोकाची सुई साधारण ५०० तास, इलिप्टिकल म्हणजे लंबगोल टोकाची ३०० तास असं ऑडिओ-टेक्निका सांगते. जुना प्लेअर कुणाकडून घेतलास तर त्याच्या सुईवर विश्वास ठेवायचा नाही, आल्या आल्या नवी टाकायची, हा खर्च वाचवायचा नसतो.

शेवटाकडे वाढतं त्याचं कारण वेगळं. रेकॉर्ड एका फेऱ्याला सारखाच वेळ घेते पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. ३३ वर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा, वहीच्या शेवटच्या ओळीत अक्षरं दाटून बसवतात तशी लाट दाटते, आणि गोल जाड टोकाला ती वळणं घेताच येत नाहीत. ट्रेबल जातं, 'स' 'श' फसफसतात. आपल्या रेकॉर्ड्सवर हे जास्त जाणवतं, ख्यालाची साइड वीस मिनिटं चालते आणि द्रुतातल्या जोरदार ताना नेमक्या शेवटी, सगळ्यात चिमटलेल्या जागी येतात. इलिप्टिकल किंवा मायक्रोलाइन, म्हणजे त्याहून बारीक धारेच्या, टोकाने बराच फरक पडतो, आणि काडतूस पुढे-मागे नीट बसलं नसेल तर आधी ते. कागदी प्रोट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बसवायचा मापाचा कागद, छापून घे, ए४ वर १०० टक्के आकाराने छापला गेलाय ना ते पट्टीने मोज, आणि त्याच्या दोन्ही बिंदूंवर काडतूस चौकोनी रेघांना समांतर येतंय का बघ. कंटाळवाणं काम आहे, एकदा करून ठेवलं की सुटतं.

हे सगळं करून पण तीच जागा तशीच फाटते? मग एक चाचणी. तोच तुकडा दोनदा रेकॉर्ड कर आणि दोन ट्रॅक एकाखाली एक ठेव. टकटक किंवा फाटणं दोन्हीत अगदी त्याच सुरावर असेल तर ते रेकॉर्डमध्ये आहे. जागा बदलत असेल तर लॅपटॉप डेटा सोडतोय, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमधला बफर (आलेला आवाज थोडा वेळ साठवायची जागा) वाढव, हबमधून न जाता यूएसबी सरळ लाव, मागे चालू असलेलं वायफाय-अपडेट बंद कर. मग स्वच्छ धुतलेली एखादी नवी दाबलेली रेकॉर्ड लावून बघ, ती साफ वाजली तर तुझी मशीन निर्दोष आहे, आजोबांची रेकॉर्डच त्या जागी झिजलीय.

झिजलेल्या खाचेला बरं करता येत नाही, पण तिला फसवता येतं. तुझ्या यादीत अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी आहे, त्याच्या लेबलवर नंबर ईएएलपीने सुरू होतो ना? एचएमव्हीच्या नंबरात ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टीरिओ. मोनोत दोन्ही भिंतींवर एकच गाणं कोरलेलं असतं, म्हणजे तुझ्याकडे एकाच आवाजाच्या दोन प्रती आहेत. आधी दोन्ही मिळवून मोनो करून ऐक, वर-खाली हलण्याने येणारी बरीच खरखर आपोआप वजा होते. आणि एक भिंत जास्त खराब असेल, तुझी उजवी असणारच कारण त्या जुन्या प्लेअरना अँटी-स्केटिंग कुठे होतं, तर नुसता डावा चॅनल घे आणि तोच दोन्हीकडे वापर. या एका युक्तीने किती कामं निघालीत सांगता येत नाही, आणि गंमत म्हणजे ती ऐकून लोक म्हणतात कुठलं सॉफ्टवेअर वापरलं. दुसरं म्हणजे सुईचं टोक बदलणं, जुन्या जाड गोल सुईने खाच एका उंचीवर घासलेली असते, बारीक मायक्रोलाइन त्याच्यापेक्षा खाली बसते आणि न घासलेल्या भिंतीवरून चालते. कधी चमत्कार होतो, कधी तळाची धूळ जास्त ऐकू येते.

धुण्याबद्दल थोडक्यात, एलपीला डिस्टिल्ड पाणी, थेंबभर साबण आणि थोडं आयसोप्रोपिल चालतं, पण कपाटात जड ७८ च्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावायचं नाही. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. ७८ ला सुई पण वेगळी लागते, टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीचं १८ च्या आसपास असतं, ते त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन लोळतं आणि तू म्हणतोस रेकॉर्ड फाटतेय. आणि त्या काळात आरआयएए नव्हतं, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा, त्यामुळे टोन कानाने जुळवावा लागतो.

न ऐकू येणारी एक गोष्ट पण माथे कापते. मे महिन्यात माडीवरच्या पत्र्याखाली ठेवलेल्या रेकॉर्ड्स वाकतात, वाकलेली रेकॉर्ड सुईला दर फेऱ्याला वर-खाली झुलवते, त्यात हाताचा स्वतःचा ८ ते १२ हर्ट्झचा झोका मिसळतो. स्पीकरचा पडदा हलताना दिसतो, आवाज नाही, पण इंटरफेसची अर्धी जागा त्यानेच खाल्लेली असते. प्रीअँपला सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारं खालचं कापणारा) असेल तर तो लाव. मॉनिटर स्पीकर त्याच टेबलावर असतील तर रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवून हेडफोनवर ऐक, नाहीतर बास फिरून सुईत घुसतं. हम येत असेल तर आधी प्लेअरची जमिनीची वायर मिक्सरच्या किंवा प्रीअँपच्या स्क्रूला आहे का बघ, मग लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालव. जुन्या वाड्यातल्या प्लगला तिसरं भोक असतं, मागे वायर असतेच असं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घे. हम घालवायला अर्थची पिन कापणं हा प्रकार मात्र करू नकोस, शॉक बसेल.

लेव्हल कशी ठेवायची, तर साइडमधली सगळ्यात जोराची जागा आधी शोध, ती वाजताना माथा उणे १२ ते उणे ६ डीबीमध्ये राहील एवढा गेन, २४ बिट, आणि मग हात लावू नकोस. हळू वाटतं म्हणून घाबरू नकोस, रेकॉर्डची स्वतःची खरखर २४ बिटच्या तळापेक्षा खूप वर असते, नंतर वाढवलंस तरी काही बिघडत नाही.

शेवटी सॅम्पलर. कच्चं रेकॉर्डिंग साफ आहे आणि बीटमध्येच फाटतंय, असं असेल तर तू प्रत्येक चॉप (कापलेला तुकडा) नॉर्मलाइज करून, म्हणजे माथा वरच्या रेषेपर्यंत वाढवून, ० ला नेलायस, आणि तीन पॅड एकदम वाजले की बेरीज वर जाते. चॉप उणे ६ वर ठेव. आणि टेम्पो जुळवायला ताणलेला सूर, विशेषतः मींड आणि तानपुरा, किरकिरा वाटतो, तो फाटलेला नसतो, ताणणाऱ्या गणिताने चिरलेला असतो. तिथे ताणण्यापेक्षा पिच खाली-वर करून वेग जुळव, सूर बदलेल पण कापड अख्खं राहील. कापलेले माथे सॉफ्टवेअरमधल्या डीक्लिपने थोडे शिवले जातात, पण परत रेकॉर्ड करता येत असेल तर डीक्लिप हा आळस आहे. आणि हो, मुद्दाम फाडायचं असेल तर आधी साफ घे आणि मग सॅम्पलरमध्ये पाहिजे तेवढं फाड, तिथे मागे येता येतं.

आज रात्री एवढंच कर. प्लेअर लाइनवर, मिक्सर बाजूला, सरळ इंटरफेस, इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद. मारव्याची पहिली एक मिनिट आणि शेवटची एक मिनिट घे, दोन्ही चॅनल वेगवेगळे ठेवून, नॉर्मलाइज न करता. मला पाठवताना व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून वेव्ह फाइल पाठव, नाहीतर ते दाबून टाकतं आणि मग मला कळणार नाही की फाटलं कुठे. सोबत सुईचा एक जवळून काढलेला फोटो, समोरून, टॉर्च लावून.